वाऱ्यावरचे तळण

दिल्लीत नोकरी करणाऱ्या बिगरराजपत्रित सरकारी सेवकाच्या आयुष्यात वर्षातून एकदा असा दिवस उगवतो की, घटकाभर आपण सधन झाल्याचा भास त्याला होतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तदर्थ बोनसची आज्ञा निघते. मूळ वेतन कितीही असो, हिशेबापुरते ते सात हजारच धरावयाचे, त्यास तीसाने गुणावयाचे आणि ३०.४ ने भागावयाचे. या गणिताचे उत्तर गेली कित्येक वर्षे न चुकता ६,९०८ रुपये असेच येत आले आहे. एवढ्या रकमेत संसाराची गरज भागत नाही आणि चैनही होत नाही. परंतु या दोहोंच्या सीमेवर उभी असलेली एखादी वस्तू घ्यावयास ती नेमकी पुरते. मागल्या वर्षी त्या सीमेवर आमच्याकरिता एअर फ्रायर उभा होता.

त्याला निमित्त झाले ते आईच्या दुखण्याचे. चार वर्षांपूर्वी वडील हृदयविकाराने अचानक गेले आणि वाईचे बिऱ्हाड आवरून आई रामकृष्णपुरमच्या आमच्या सरकारी निवासस्थानात राहावयास आली. गेल्या उन्हाळ्यात तिच्याही हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी घरी सोडताना इतर सूचनांबरोबर, ‘तळलेले पदार्थ कमी करा,’ एवढेच सांगितले. ‘कमी करा’ म्हणाले, ‘बंद करा’ असे म्हणाले नाहीत. परंतु वडिलांना गमावलेल्या मुलाच्या कानाला हा भेद ऐकू येत नाही. मी ते वाक्य आज्ञेसारखे घेतले आणि तिच्या पालनाचे साधन शोधू लागलो.

कारकुनाने एखादी वस्तू निवडावी ती कशी, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. इतक्या किमतीच्या खरेदीस नियमाप्रमाणे निविदा लागत नाहीत. तरीही मी पाच यंत्रांचा रीतसर तुलनात्मक तक्ता तयार केला. त्या निमित्ताने ज्ञानात पुष्कळ भर पडली. हे यंत्र एका डच गृहस्थाच्या खटपटीतून जन्मले आणि २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने ते प्रथम जगापुढे मांडले. आत विजेने तापणारे एक वेटोळे, त्यावर वेगाने फिरणारा पंखा आणि खाली जाळीच्या तळाचे भांडे. बस्स, एवढाच त्याचा संसार. विक्रेते भांड्याचे माप लिटरात सांगतात. पण पदार्थ त्यात एकाच थरात मांडावे लागतात, एकावर एक रचले की मधून वारा खेळत नाही आणि ते भिजट राहतात. तेव्हा लिटर विचारण्यापेक्षा तळ किती रुंद आहे हे पाहावे, आणि तेवढ्याच रुंदीच्या गोल भांड्यापेक्षा चौकोनी भांड्यात चार वड्या अधिक मावतात, हे मी दुकानात वर्तमानपत्राचा कागद कापून मोजून पाहिले. यंत्र पंधराशे वॅटचे असेल तर ते साडेसहा अँपिअर वीज ओढते. म्हणजे भिंतीवरच्या लहान सहा अँपिअरच्या खोबणीत ते लावू नये, सोळाची मोठी खोबण हवी. वीस मिनिटांस अर्धे युनिट, हा खर्च काही फार नव्हे. भांड्यावर न चिकटणारा लेप असतो. तो सुमारे २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो, आणि हे यंत्र २०० च्या आसपास थांबते, म्हणून भीती नाही. मात्र लोखंडी उलथने आत घालू नये. शेवटी बदली झालीच तर दुरुस्ती कोठे होईल, हाही एक रकाना मी घातला होता, कारण आपल्यासारख्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू अर्धी बांधून ठेवलेली असते.

या तक्त्यात सात रकाने होते. आईला काय वाटते, हा आठवा रकाना मात्र त्यात नव्हता.

लजपतनगरातून ते खोके घरी आले त्या संध्याकाळी मुलाने आनंदाने उड्या मारल्या, पत्नीने ओट्यावर जागा करून दिली आणि आईने आपली लोखंडी कढई मुकाट्याने वरच्या फळीवर नेऊन ठेवली. त्या कढईचा आवाज झाला नाही, हेच मला खटकले. आमच्या घरात ती कढई आजवर आवाज न करता कधी हललेली नव्हती.

पहिल्या दिवशी मी अतिशय उत्साहाने कुरडया निवडल्या. आईने वाईहून येताना डबा भरून आणलेल्या त्या कुरडया. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून, शिजवून, सोऱ्याने घातलेल्या आणि वैशाखाच्या उन्हात कडक वाळवलेल्या. तापत्या तेलात टाकताच ज्या क्षणार्धात मोगऱ्यासारख्या फुलतात, त्या कुरडया यंत्रात दहा मिनिटे खडखडत राहिल्या. वाऱ्याने एक तर उडून वरच्या वेटोळ्याला जाऊन टेकली. बाहेर काढल्या तेव्हा कडेला करपलेल्या, मध्ये कच्च्या आणि सर्वत्र दगडासारख्या होत्या. सहा वर्षांच्या मुलाने एक चावून पाहिली आणि सौजन्याने ताटाच्या कडेला ठेवली.

याचे कारण मी नंतर विचार करून काढले. दोनशे अंशांच्या भट्टीत क्षणभर हात घातला तर तो भाजत नाही. पण एकशेऐंशी अंशांच्या तेलाचा थेंब पडला तर फोड येतो. हवा विरळ असते, तिच्यापाशी देण्याजोगी उष्णता थोडी. तेल दाट असते आणि पदार्थाला चहूबाजूंनी कवटाळून ते ती एकदम देते. कुरडईत उरलेल्या अणुमात्र पाण्याची एका क्षणात वाफ झाली तरच ती फुलते. वाऱ्याचा हात सावकाश चालतो. तोवर ते पाणी हळूहळू निघून जाते आणि फुलावयास काही उरत नाही. भज्यांचे पीठही याच कारणाने जाळीतून गळते, कारण तेलात पडताच जसे ते धरते तसे वाऱ्यात धरत नाही.

आई दारात उभी राहून हे सर्व पाहत होती. ती म्हणाली, “अरे, हे तळत नाही. हे भाजतं.”

मला हसू आले, आणि मग आले नाही. तळणे, परतणे, भाजणे, शेकणे, उकडणे, वाफवणे. या प्रत्येक क्रियेला आमच्या भाषेने निराळा शब्द दिला आहे, कारण ती प्रत्येक क्रिया कोणा ना कोणा बाईच्या हाताने निराळी केली. पाच यंत्रांचा अभ्यास करून मला जे उमगले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले. या यंत्राच्या नावातच चूक होती.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, “म्हणजे मीच त्यांना तळून तळून घातलं, असंच ना?”

मी थिजून गेलो. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर वडील ओट्यापाशी पाट मांडून बसत आणि पहिला घाणा त्यांच्या ताटलीत पडे, हे दृश्य मी जन्मभर पाहिले होते. माझ्या दृष्टीने मी एक यंत्र विकत आणले होते. तिच्या दृष्टीने मी चाळीस वर्षांच्या तिच्या स्वयंपाकावर आरोपपत्र ठेवले होते आणि तेही सहीशिक्क्यानिशी, तुलनात्मक तक्ता जोडून. उत्तर माझ्यापाशी होते. वडिलांना विडी सुटत नव्हती, साखरेचा आजार त्यांनी दोन वर्षे आम्हांपासून लपवला होता. पण गेलेल्या माणसाची उणी मोजून जिवंत माणसाचे समाधान करावे, हे मला त्या क्षणी जमले नाही. मी गप्प राहिलो; आणि माझे गप्प राहणे तिने होकारासारखे घेतले असणार.

चार दिवस यंत्र झाकून पडले होते. पाचव्या दिवशी भाजीवाल्याकडे ‘अरबी के पत्ते’ दिसले आणि पत्नीने दोन जुड्या आणल्या. अळू पाहिल्यावर आईला राहवले नाही. तिने शिरा तासल्या, चिंचगुळाचे पीठ लावले, उंडे वळले, वाफवले. कढईसाठी मी फळीकडे हात नेला तेव्हा तीच म्हणाली, “राहू दे. आधी तुझ्या त्या पेटीत बघू. हे शिजलेलं आहे. याला नुसतं वरून खरपूस करायचं, त्याला भाजणं पुरेल.”

तिने वड्या कापल्या, बोटाने प्रत्येकीला तेलाचा पुसट हात लावला आणि एका थरात, मध्ये अंतर सोडून मांडल्या. ते अंतर सोडावयास तिला कोणी सांगितले नव्हते. बारा मिनिटांनी वड्या निघाल्या त्या कडेने कुरकुरीत, आत मऊ. चाळीस वर्षांच्या अनुभवाने तिने एका दुपारीत यादी केली: कोथिंबीरवडी, मुठिया, शेंगदाणे, सुके खोबरे, वांग्याच्या कापा पेटीत, पुरी, भजी, कुरडई कढईत, पण सणाला, लहान कढईत वाटीभर तेल घेऊन, आणि उरलेले तेल पुन्हापुन्हा तापवावयाचे नाही. या शेवटच्या कलमास माझ्यापाशी आधार होता: सारखे तापवून बिघडलेल्या तेलास आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१८ पासून मर्यादा घातली आहे. मी तो सांगितला नाही. तिच्या यादीस माझ्या शेऱ्याची गरज नव्हती.

ती दुसरा घाणा मांडत असताना मी तिच्या पाठीशी उभा राहून म्हणालो, “आई, बाबांची विडी होती. साखरही होती. ती त्यांनी तुझ्यापासूनही लपवली.”

तिचा हात थांबला नाही. जाळीवर शेवटची वडी ठेवून तिने भांडे आत सरकवले.

“विडीचं मला माहीत होतं रे,” ती म्हणाली. “साखरेचं नव्हतं.” मग थोड्या वेळाने, वाऱ्याचा आवाज सुरू झाल्यावर, “गुळाच्या पोळ्या मागून घ्यायचे.”

मी पुढे काही बोललो नाही. बारा मिनिटे आम्ही दोघे त्या यंत्रासमोर उभे होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी कढई फळीवरून खाली आली, ती नेहमीसारखा आवाज करीत.