चिमटा, कोयता आणि पाचवीची रात्र

२४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर सोयराबाईंच्या पोटी राजाराम महाराजांचा जन्म झाला. मूल पालथे उपजले म्हणून भोवतालची मंडळी चिंतेत पडली, तेव्हा हा दिल्लीची पातशाही पालथी घालील असे म्हणून शिवाजी महाराजांनी अपशकुनाचाच शकुन केला, ही सभासदाच्या बखरीतील हकीकत सर्वपरिचित आहे. जिंजीहून परतल्यावर याच राजाराम महाराजांनी साताऱ्यास राजधानी केली. बखरीत राजाचे उत्तर आहे. मुलाला बाहेर घेणारे हात कोणाचे, ते मात्र नाही. सुईणीचे नाव लिहून ठेवण्याची रीतच नव्हती.

त्याच १६७० साली ह्यू चेंबरलेन नावाचा इंग्रज वैद्य पॅरिसमध्ये आपल्या घराण्याचे एक गुपित विकू पाहत होता. अडलेले मूल जिवंत बाहेर काढणारे हत्यार आपल्याजवळ आहे, असा त्याचा दावा होता. फ्रान्सचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ मोरिसो यांनी परीक्षेसाठी एक अत्यंत अवघड प्रकरण त्याच्यापुढे ठेवले. ओटीपोटाचा सांगाडा अतिशय अरुंद असलेली ती स्त्री होती. चेंबरलेनचे प्रयत्न फसले. ती बाई मुलासह दगावली. सौदा मोडला. तिचेही नाव कोणी सांगत नाही.

ते हत्यार म्हणजे प्रसूतीचा चिमटा. वक्र पात्यांच्या दोन स्वतंत्र भुजा एकेक करून आत सरकवायच्या, मुलाच्या डोक्याभोवती बसवायच्या आणि मग एकमेकींत अडकवायच्या, ही त्यातली युक्ती. चेंबरलेन मंडळींनी ती शंभराहून अधिक वर्षे घराबाहेर जाऊ दिली नाही. बाळंतिणीचे डोळे बांधून ते काम करीत, असे सांगतात. १७३० च्या दशकात चिमट्याची माहिती छापली जाऊ लागली. घराण्याची मूळ हत्यारे १८१३ मध्ये एसेक्समधील एका वाड्याच्या तक्तपोशीखाली सापडली. दरम्यानच्या काळात किती बायका अडून मेल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

सुश्रुताने मात्र लपवले काहीच नाही. मूढगर्भाच्या प्रकरणात तो आधी हाताने गर्भ फिरवण्याचे मार्ग सांगतो. गर्भ मृत असेल तरच शस्त्र. तेही गोल धारेचे मंडलाग्र. वृद्धिपत्र नको, कारण त्याचे टोक तीक्ष्ण असते आणि ते आईला इजा करील. जिवंत गर्भावर शस्त्र चालवण्यास त्याची साफ मनाई आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. त्यांचे स्वतःचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले होते.

दहा दिवस. इथे चिमट्याची गोष्ट थांबवून दुसऱ्या हत्याराकडे वळावे लागते.

१८८९ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस सांगलीस आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे इस्पितळ उघडले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा. कृष्णाकाठी पाश्चात्त्य शस्त्रवैद्यक रुजले ते असे. तरीही बहुतेक बाळंतपणे घरी, सुईणीच्याच हातांवर होत राहिली. नाळ कापायला घरात असेल ते हत्यार घेतले जाई : विळा, कोयता, सुरी. तेच वैरणीला, तेच लाकडाला. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे निकोलायरने १८८४ मध्ये दाखवून दिले. नाळेतून शिरलेला धनुर्वात बहुधा तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत दिसू लागतो. मूल आधी दूध ओढेनासे होते, मग ताठते.

पाचव्या रात्री सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी आणि त्यांच्याजवळ कोयता किंवा विळा ठेवतात, रात्र जागवतात. सटवाई कपाळी लिहून जाते म्हणतात. ज्या दिवसांत मुले हातची जात, नेमक्या त्या दिवसांतल्या रात्रीची भीती या विधीत साठलेली असावी. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण पूजेत लोखंड मांडले जाते आणि तेच लोखंड नाळेलाही लागत असे, हा योग विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांच्या आणि अधिकाऱ्यांच्या लिखाणात याचा सारा दोष ‘अडाणी’ सुईणीवर येतो. १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, १९०३ मध्ये दायांच्या शिक्षणासाठी वेगळा निधी. शिकवणे योग्यच होते. पण जंतू हे नाव विद्यापीठांनाच नुकते कळले होते. सुईणीने ते कुठून जाणावे? ज्ञान हाती असून शतकभर दडवणाऱ्या चेंबरलेनांना कोणी अडाणी म्हटल्याचे आढळत नाही. ते राजघराण्याचे वैद्य होते.

पुढे दायांना जी पिशवी मिळू लागली तिच्यात साबण, नवे ब्लेड, दोरा आणि अंथरायला स्वच्छ कापड एवढेच असे. ती पिशवी, गरोदरपणातील धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातील वाढती बाळंतपणे यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. चिमट्याला संग्रहालयात काचेची पेटी मिळते. या ब्लेडला कोण ठेवणार?

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात दरवर्षी बीडकडून टोळ्या उतरतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. उचल त्या हिशेबाने. दिवस भरत आलेल्या बायकाही फडात मोळ्या उचलतात, आणि एखादीचे बाळंतपण तळावरच्या कोपीत उरकते. तिथे पाचवीसाठी कोयता शोधावा लागत नाही. तो पूजेतून उचलून सकाळी पुन्हा उसाला लावायचा असतो.