पांढरी टूथपेस्ट

बाबा घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. वर्सोव्याच्या बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात ते हिशेब लिहीत. कुठल्या होडीत किती लाद्या चढल्या ते वहीत टिपताना मनगट दिवसभर टेबलावर घासायचं. म्हणून त्यांच्या एचएमटी जनताच्या काचेवरचे ओरखडे सगळे आडवे. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसांच्या घड्याळात वेळ अशी धुक्यातूनच दिसते.

गणपतीच्या आधी देवाची भांडी घासून झाली की बाबा घड्याळ घेऊन बसत. काचेच्या कडेला चिकटपट्टी, बोटाच्या टोकावर मावेल एवढी पांढरी टूथपेस्ट, जुन्या गंजीफ्राकाची चिंधी. मग पंधरा-वीस मिनिटं गोल गोल. आई म्हणायची, "दातांना एवढी घासली असती तर!" बाबांचे दात तंबाखूने केव्हाच गेले होते. ओल्या फडक्याने पुसलं की तबकडीवरचं देवनागरी 'जनता' पुन्हा लख्ख.

ती काच म्हणजे काच नव्हेच, ॲक्रिलिक प्लास्टिक, हे पुढे कळलं. (१९६९ साली ऑल्ड्रिन चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या घड्याळालाही असलंच प्लास्टिक होतं. ते फुटलं तरी त्याचे कण यानभर तरंगत नाहीत.) आणखी एक कळलं. पेस्टने ओरखडा भरत नाही. तिच्यातली बारीक पूड आजूबाजूचा पृष्ठभाग झिजवते आणि ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणते. म्हणजे दर गणपतीला बाबा ती काच थोडी थोडी पातळ करत होते.

पहिल्या पगारात मी मिनरल काचेचं क्वार्ट्झ घड्याळ घेतलं. रोज चावी द्यायची कटकट नको होती. वर्सोव्याच्या चौपाटीवर क्रिकेट खेळताना झेल घ्यायला पडलो आणि वाळूने काचेवर एक चर ओढला. वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण. अर्धा तास पेस्ट घासली, पण चर जागचा हलला नाही. बाबा बघत होते. म्हणाले, "महाग वस्तू आहे, तिला आपली औषधं लागत नाहीत."

ते गेल्यावर जनता माझ्याकडे आली. एचएमटीच्या घड्याळांचं दुकान बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तेव्हा ती मुद्दाम काढून पाहिली. घासायला बसलो आणि चिकटपट्टीचा राहिलेला गोंद नेलपॉलिश रिमूव्हरने पुसला. काच दुधासारखी पांढरी. हा निव्वळ माझा गाढवपणा. अंधेरी स्टेशनजवळचे घड्याळजी म्हणाले, "नवी टाकतो, पाच मिनिटांचं काम." नको म्हटलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणले, हजार, पंधराशे आणि दोन हजार नंबरचे. पाण्यात भिजवून एकेक क्रमाने फिरवला, मग ब्रासो, शेवटी पेस्ट. दोन संध्याकाळी गेल्या. पांढरेपणा गेला, बाबांचे आडवे ओरखडेही गेले. एका जागी जास्त घासलं गेलं, त्यामुळे चाराचा आकडा तिरका पाहिला की किंचित वाकतो.

तुमच्या कपाटात अशी एखादी जनता पडून असेल तर घासून पाहा. पेस्ट साधी, पांढरी घ्या. रंगीत जेलने फार काही होत नाही. आणि रिमूव्हर त्या खोलीतही नको.