रिकाम्या पुंगळ्या

गोळी झाडली की शिसे पुढे जाते आणि पितळेची पुंगळी मागे पडते. आपल्याकडे ही पुंगळी भेटते ती वर्तमानपत्रात, घटनास्थळाच्या पंचनाम्यात. अमेरिकेत माझ्या लेकीच्या घरी ती बादलीने येते. जावई नेमबाजीच्या मैदानावर जातात, सगळ्यांच्या पडलेल्या पुंगळ्या परवानगीने वेचून आणतात आणि पुन्हा भरतात. 70 भाग तांबे, 30 भाग जस्त. पितळ टिकाऊ, एकच पुंगळी अनेकदा भरता येते.

मात्र आधी निवडाव्या लागतात. तांदूळ निवडण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे काम फारसे शिकवावे लागत नाही. पहिल्यांदा लोहचुंबक फिरवायचे, पोलादी असतील त्या चिकटतात. मग चाळण्या. पॉइंट 45 वरच्या चाळणीत अडकते, पॉइंट 40 मधल्या, आणि 9 मिलिमीटर खाली पडते. पण पॉइंट 380 चाळणीला फसवते. जाडी जवळजवळ 9 मिलिमीटरएवढीच, लांबी मात्र 19 ऐवजी 17. भरताना ती नव्वात मिसळली तर गोळी नीट धरत नाही. ती डोळ्यांनीच हेरावी लागते. शेवटी आत डोकावायचे. बुडाशी एक छिद्र असेल तर बॉक्सर पद्धतीची, ती ठेवायची. दोन असतील तर बर्डन, ती भंगारात, कारण तिचा जुना प्रायमर साध्या सुईने निघत नाही. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने इंग्रजाची रीत उचलली आणि युरोपने बरीचशी अमेरिकनाची! दोन्ही शोध 1866 च्या सुमाराचे. त्याआधी नऊच वर्षे, 1857 मध्ये, दाताने तोडायच्या कागदी काडतुसाला गाय-डुकराची चरबी असल्याच्या संशयाने आपल्याकडचे हिंदू-मुसलमान शिपाई एकत्र उठले होते.

नात शेजारी येऊन बसते. मी तिला हात लावू देत नाही. प्रायमरमधल्या शिशाची काजळी बोटांना लागते, पोरांना ती फार वाईट. माझेही हात वजूच्या आधी साबणाने दोनदा धुऊन होतात. एकदा तिने विचारले, "नानी, ह्या कशावर मारल्या?"

मी म्हटले, "कागदावर." जावयांपुरते ते खरे आहे. बाकीच्यांचे मला काय ठाऊक? पुंगळीच्या बुडावर कारखान्याचे नाव असते, झाडणाऱ्याचे नसते.

जावयांनी पिस्तूल घेतले ते 2019 नंतर. त्या वर्षी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्म्याच्या दिवशी एका माणसाने 51 जणांचे जीव घेतले. इथल्या मशिदीतही तेव्हापासून जुम्म्याला दाराशी पहारा असतो आणि जावयांची पाळी लागते. त्यांची भीती मला समजते. पण ज्या घरात भीती आहे त्याच घरात आठ वर्षांची पोरही आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पिस्तूल, दारू आणि भरलेली काडतुसे आता लोखंडी कपाटात कुलपाआड असतात.

पुंगळ्या मी निवडून देते. भरायला मात्र बसत नाही. जावईही आग्रह करीत नाहीत.