आसनगाव टू हायकोर्ट, व्हाया लेडीज डबा

पहाटे सव्वातीनचा अलार्म कधी लावलाय तुम्ही? म्हणजे फ्लाइट पकडायला किंवा ट्रेकला जायला नव्हे हं, कॉलेजला जायला! मी लावलाय. तोही चांगली तीन वर्षं.

बी.कॉम. झाल्यावर भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये चार वर्षं अकाउंट्स लिहिले. पगार बरा होता, बॉसही बरा होता. पण दिवसभर दुसऱ्यांची चलनं आणि करारपत्रं हाताळताना वाटायचं, या कागदांवर जे बारीक अक्षरात लिहिलंय ते आपल्याला कधी कळणार? २०२२ मध्ये सीईटी दिली, मार्क बरे पडले आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.ला दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली. लेक्चर सकाळी साडेसातला. आणि माझं घर? आसनगावला!

'आसनगाव? म्हणजे ते नाशिककडे का?' हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी वर्गात विचारला गेला. विचारणारी पाच मिनिटं चालत कॉलेजला यायची. मी सीएसएमटीपासून ८५ किलोमीटरहून जास्त अंतरावरून. जाऊन-येऊन १७० किलोमीटर. कॉलेजचे साधारण सहाशे दिवस धरा, की झाले लाखभर किलोमीटर. पृथ्वीला अडीच फेऱ्या मारून मी वकील झाले, असं म्हणायला हरकत नाही!

पाणी पाइपातून, माणसं लोकलमधून

आसनगाव हे शहापूरचं स्टेशन. ट्रेकर्सना माहुली किल्ल्यामुळे ठाऊक असतं. रविवारी सॅक लावलेली पोरं उतरतात, सुळक्यांकडे बघून 'वॉव' म्हणतात आणि संध्याकाळी परत जातात. सोमवारी उलटी वाहतूक आमची.

मुंबईकर नळ सोडतात तेव्हा त्यातलं बरंच पाणी आमच्या शहापूर तालुक्यातून आलेलं असतं. तानसा धरण १८९२ चं. भातसा त्याच्या खूप नंतरचं. एवढं असून उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकर येतो. बाबा म्हणतात, 'आपल्याकडून पाणी पाइपातून जातं आणि माणसं लोकलमधून. परत येतात ती फक्त माणसं, तीही थकलेली.'

पहाटेच्या त्या गाडीत डुलक्या घेणारा एकच वर्ग नसतो. कसारा, खर्डीकडून आलेल्या बायका टोपल्या घेऊन कल्याणच्या बाजाराला निघालेल्या असतात. पावसाळ्यात त्यात शेवळं, टाकळा असतो आणि डब्याला रानाचा वास येतो. मग नर्सेस, हॉस्पिटलातल्या आया, हाउसकीपिंगच्या मुली, एखादी पोलीस कॉन्स्टेबल. वाशिंद, खडवली, टिटवाळा... प्रत्येक स्टेशनवर ठरलेले चेहरे ठरलेल्या दारातून चढतात. नावं कुणाला माहीत नसतात. 'वाशिंदच्या काकू', 'टिटवाळ्याची ताई', 'खर्डीची मावशी'. मी आधी 'आसनगावची' होते. हातातला जाडजूड बेअर अ‍ॅक्ट बघून आठवड्याभरात 'वकीलबाई' झाले. पहिली केटी लागायच्या आधीच पदवी मिळाली!

फोर्टातली सकाळ

पण एक सांगू? त्या अलार्मचं सगळं उट्टं फोर्टात निघायचं. सातच्या आत सीएसएमटीला उतरायचं आणि बस न पकडता चालत सुटायचं. दहानंतर जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे सकाळी फक्त कबुतरं, झाडूवाले आणि टपरीवरचा चहा. हुतात्मा चौक, फ्लोरा फाउंटन आणि मग ओव्हल मैदानाच्या कडेने हायकोर्ट.

१८७८ साली बांधून झालेली ती काळ्या दगडाची इमारत पहिल्यांदा बघितली तेव्हा छातीत धस्स झालं होतं. तिच्या कोरीवकामात एक माकड आहे. हातात न्यायाचा तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी. ज्याने कोरलं त्याला न्यायाबद्दल नक्की काय वाटत होतं कुणास ठाऊक, पण विनोदबुद्धी जबरदस्त!

मैदानाच्या पलीकडे चर्चगेटच्या बाजूला आशियातलं सर्वात जुनं समजलं जाणारं लॉ कॉलेज. १८५५ सालचं. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. हे मी डब्यात सांगितलं तर टिटवाळ्याच्या ताईने पुढच्या रविवारी आपल्या मुलाला मुद्दाम ती इमारत बघायला आणलं. आणि बायकांना या देशात वकिली करायला कायद्याने मुभा मिळाली ती १९२३ मध्ये, हेही सांगितलं. 'म्हणजे माझ्या आजीच्या जन्माच्या आसपास की गं,' ताई म्हणाली. 'काही फार जुनं नाही मग.'

चौथ्या सीटचा कायदा

कॉन्ट्रॅक्ट हा विषय मला वर्गात कळला नाही. तो कळला संध्याकाळच्या परतीच्या लोकलमध्ये. लेडीज डब्यात उभी असलेली बाई बसलेल्या बाईला एकच शब्द विचारते, 'कुठे?' उत्तर येतं, 'ठाणे.' 'मला हं.' बास! प्रस्ताव, स्वीकृती, करार पक्का. ठाणं आलं, की सीट तिचीच. मध्ये कुणी घुसली तर आख्खा डबा साक्षीदार. १८७२ च्या कायद्याप्रमाणे कराराला मोबदला लागतो, तो इथे नसतो. पण या करारासारखा पाळला जाणारा करार मी अजून तरी कोर्टात बघितलेला नाही.

तिघींच्या बाकावर अर्धी टेकणारी चौथी सीट म्हणजे तर वहिवाटीच्या हक्काचा जिवंत नमुना. खिडकीच्या जागेवरून दोन बायकांचं कडाक्याचं भांडण चाललेलं असताना मला बारा वर्षांच्या कब्ज्याचा नियम आठवला आणि मी खुदकन हसले. दोघींनी भांडण थांबवून माझ्याकडे असं काही बघितलं, की विचारू नका.

आणि मग १ जुलै २०२४ उजाडला. भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. १८६० पासूनचे नंबर रातोरात बदलले. पहिल्या वर्षी घोकलेलं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० झालं ३१८. ठाणे ते घाटकोपर जुना नंबर, घाटकोपर ते मशीद नवा, असं मी पाठ करत बसायचे. खर्डीची मावशी म्हणाली, 'म्हंजे आता चारसोबीस माणसाला काय म्हणायचं?'

सत्तर टक्के

हे सगळं वाचून मजा वाटत असेल. वाटू द्या. पण लांबून येणाऱ्याचा खरा विषय अभ्यासक्रमात नसतो. तो असतो हजेरी. बार कौन्सिलचे २००८ चे नियम सांगतात, प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी हवी. नियमात चूक काहीच नाही. पण नियमाला पाऊस माहीत नाही.

२०२४ च्या त्या पावसाळ्यात गाडी कधी वीस मिनिटं, कधी तासभर लेट. साडेसातच्या लेक्चरला मी आठ वाजता दारात उभी. ओले बूट, छत्रीचं पाणी आणि सरांचं शांतपणे 'नेक्स्ट टाइम'. सकाळचं लेक्चर गेलं की हजेरी गेली. ऑगस्टमध्ये वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. अकाउंट्सवालीच ना मी! एका विषयाला बासष्ट टक्के. अकरानंतर फोर्टातल्या एका वकिलांकडे काम शिकत होते, तिथून हातात यायचे ते पैसे पास आणि जेवणात संपायचे. घरी आई म्हणाली नाही काही, पण भिवंडीचा जुना बॉस 'जागा रिकामी आहे' असं बाबांना सांगून गेला होता, ते मात्र तिने दोनदा सांगितलं.

मी ठरवलं. सेमिस्टर संपलं की सोडायचं. भाड्याने मुंबईत खोली परवडत नाही आणि आसनगाव जवळ येत नाही. विषय संपला.

काकूंचा कागद

त्याच आठवड्यात वाशिंदच्या काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या. पन्नाशीच्या, मुंबईतल्या एका हॉस्पिटलात आया. दादरला उतरायच्या. तोवर आमचं बोलणं म्हणजे 'चहा घेतलास का?' एवढंच. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला.

'वकीलबाई, हे वाचून दाखव. भाऊ रविवारी सहीला बोलवतायत.'

हक्कसोडपत्र होतं. मुरबाडकडची वडिलोपार्जित जमीन. भावांचं म्हणणं असं, की वडील १९९८ मध्ये गेले, मुलींचा कायदा आला २००५ मध्ये, त्यामुळे तुझा हक्क तसाही नाही, सही म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी.

मी कागद वाचून दाखवला. शब्द न् शब्द. टिटवाळा गेलं, कल्याण गेलं. काकूंनी एकच विचारलं, 'हक्क नाहीच, तर सोडायला कशाला सांगतात?'

सांगते, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी लेक्चर संपल्यावर मी लायब्ररीत बसले. सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. मुलीचा हक्क जन्माने येतो, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. आधीच रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. तीनदा वाचला. मग फॅमिली लॉच्या मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, 'छान वाचलंस. पण तू अजून विद्यार्थिनी आहेस, सल्ला द्यायचा नाही. त्यांना तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठव. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.' १९८७ चा कायदा. मला तोही माहीत नव्हता!

दुसऱ्या दिवशी डब्यात एवढंच सांगितलं. रविवारी सही करू नका, आधी समितीत जा, एकदा सही होऊन नोंदणी झाली की मागे फिरणं महाकठीण. आणि जाता जाता म्हटलं, 'काकू, मी बहुतेक सोडतेय कॉलेज.'

काकू बघत राहिल्या. म्हणाल्या, 'सोड की. पण मग हक्कसोडपत्र तू पण लिहून दे. आम्हाला वाचून दाखवू देत.'

डब्यातल्या चार जणी हसल्या. मी नाही हसले. पण त्या दिवसानंतर आधीची गाडी पकडायला लागले. म्हणजे अलार्म अडीचला! बाबा स्कूटरवरून स्टेशनला सोडायचे, शर्टावर स्वेटर, डोळ्यांत झोप. सेमिस्टर अखेरीस हजेरी एकाहत्तर टक्के. आयुष्यात एकाहत्तर टक्क्यांनी एवढा आनंद दिला नव्हता.

पेढे

गोष्ट इथे 'हॅपी एंडिंग' करून संपवता आली असती. पण खरं सांगते. काकूंनी सही केली नाही. समितीतून वकील मिळाला, एक भाऊ बोलणीला बसला. दुसऱ्याने त्या वर्षी भाऊबीजेला बोलावलं नाही. काकू त्या दिवशी ड्युटीवर आल्या, खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मला अपराधी वाटत होतं. मी म्हटलं, 'माझ्यामुळे झालं हो.' त्या म्हणाल्या, 'तू वाचलंस फक्त. सही न करणारी मी होते.'

वकिली म्हणजे काय, हे त्यानंतर कुणी मला इतक्या कमी शब्दांत सांगितलेलं नाही. आणि हेही कळलं, की कायद्याचं पुस्तक उघडलं की कुणाच्या तरी घरात काहीतरी हलतं. ते हलणार हे माहीत असून नीट वाचायचं.

२०२५ मध्ये पास झाले. सनद मिळाली त्या दिवशी शहापूरहून किलोभर पेढे घेऊन पहाटेच्याच गाडीत गेले. आता खरं तर एवढ्या लवकर निघायची गरज नाही, कोर्ट सुरू व्हायला वेळ असतो. सोबतच्या मैत्रिणी म्हणतात, 'आता तरी मुंबईत शिफ्ट हो ना!' होईनही एखादवेळेस. पण अजून तरी आठवड्यातून एकदा मी मुद्दाम ती पहिली गाडी पकडते.

मागच्या सोमवारी वाशिंदला काकू चढल्या. सोबत खडवलीची एक मुलगी, असेल पंचवीसेक वर्षांची. काकूंनी तिला माझ्या बाकावर चौथी सीट करून दिली आणि म्हणाल्या, 'दे, वकीलबाईंना दे. घाबरू नकोस, कल्याण यायला वेळ आहे.'

तिने ओढणीखालून पिशवी काढली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद होता.