मुसाफिराचे पीठ

पाठीवर एक थैली टाकून अल्प खर्चात परदेश पाहण्यास निघणारे तरुण आज पुष्कळ आढळतात. त्यांतला एखादा व्हिएतनामला जातो. हनोईहून दक्षिणेकडे निघताना तो रात्रीची शयनगाडी पत्करतो. म्हणजे गाडीभाड्यातच रात्रीचा निवारा साधतो. सकाळी रस्त्याच्या कडेला बुटक्या बैठकीवर बसून तो तांदळाच्या शेवयांचा कढत रस्सा पितो व खर्च वहीत टिपतो. त्या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी प्रश्न दोनच असतात: आज जेवायचे काय आणि निजायचे कोठे?

पायी चालणाऱ्या मनुष्याला हे प्रश्न अधिकच छळीत. औरंगजेबाच्या कारकिर्दीत बुखाऱ्याकडचे एक सूफी सत्पुरुष काबूलच्या वाटेने हिंदुस्थानात आले आणि अखेर औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, स्थिरावले. लोक त्यांना बाबा शाह मुसाफिर म्हणत. मुसाफिर म्हणजे प्रवासी! खाम नदीच्या काठी त्यांची कबर आहे. तेथे येणारे फकीर, यात्रेकरू आणि वाटसरू बहुधा रिकाम्या हातांनी येत. त्यांना अन्न द्यावयाचे, तर आधी दळण हवे.

ज्याने एकदा तरी जाते ओढले आहे, त्याला शेरभर धान्यातही दंड कसे भरून येतात हे ठाऊक असते. दात्याच्या औदार्याची स्तुती सारेच करतात. पहाटे उठून त्याच्या पाहुण्यांचे दळण दळणाऱ्या हातांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. या ठिकाणी ते कष्ट पाण्याने आपल्या अंगावर घेतले.

या नगरीला नहरींची विद्या नवी नव्हती. 1610 साली खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरने डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले होते. तोही परदेशचाच, हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला. पुढे अठराव्या शतकात बाबांच्या शिष्यांच्या काळात हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून, जमिनीखालून, काही कोस दूर या दर्ग्यापर्यंत खेळविण्यात आले. झरा उंचावर आणि दर्गा सखल भागात. म्हणून नळातले पाणी कोणी न उपसता, आपल्याच दाबाने, एका उंच भिंतीत वर चढते आणि तेथून हौदात कोसळते. याच पाण्याचा प्रवाह चक्कीखालच्या चाकाच्या लोखंडी पात्यांवर आदळतो. चाक फिरते, त्याबरोबर उभा आस फिरतो, आणि आसाला जोडलेली वरची तळी खालच्या स्थिर तळीवर गरगरू लागते. बैल नको, माणूस नको! रात्री सारे निजले तरी पीठ पडतच राही.

निजण्याचा प्रश्नही दृष्टिआड झालेला नव्हता. दर्ग्याच्या आवारात सराई होती. शिवाय त्या विस्तीर्ण हौदाचा तळ हेच खालच्या एका दालनाचे छत आहे. जाड खांबांच्या रांगांवर तो पाण्याचा भार तोललेला आहे. मराठवाड्याचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्यालाच डोक्यावर पाणी असलेल्या खोलीचे मोल कळेल.

ही पाणचक्की आजही उभी आहे. शहर वाढले, नहरीच्या वाटेवर घरे चढली, आणि उन्हाळ्यात भिंतीवरून पडणारी धार कधीकधी अगदी बारीक होते. पाठीवर थैली घेतलेले प्रवासी येतात, तिकिटाचे पैसे वहीत मांडतात, वडाच्या गार सावलीत घटकाभर टेकतात. मग चक्की पाहण्यासाठी वाकतात. आता तिच्यावर कोणाचे दळण होत नाही.