ऐकीव पुरावा

लोंढ्याच्या स्थानकावर उभे राहिले की तीन वाटा फुटतात : एक बेळगावकडे, एक धारवाडकडे आणि एक घाट उतरून मुरगाव बंदराकडे. या तिसऱ्या वाटेला आम्ही कित्येक वर्षे केवळ गोव्याची वाट समजत होतो. ती समुद्रापार मोझांबिकपर्यंत पोहोचते, हे आम्हांस एका सिद्दी आजींनी शिकविले.

खानापूर तालुक्यातील रानाकडेच्या वाडीतून त्या २०१६ साली आमच्याकडे आल्या, नातवासाठी जमातीचा दाखला हवा म्हणून. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळाले होते. बेळगाव जिल्ह्यातील सिद्दींना नव्हते. आजींचे चुलते पूर्वीच हल्याळकडे जाऊन राहिलेले. त्यांची नातवंडे जमातीची. आजींचा नातू मात्र नव्हे! रान एकच, पण जिल्ह्याची हद्द मधून गेलेली.

व्यवसायाच्या सवयीने आम्ही विचारले, "आजी, पुरावा काय?"

त्या घरच्या कोकणीत सांगू लागल्या, "आमचे व्हडील गोंयांतल्यान पळून आयिल्ले..." पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली माणसे, धन्याचा मार, रातोरात चढलेला घाट. हिरियारूंपुढे, म्हणजे पूर्वजांपुढे, नारळ ठेवताना हेच सांगितले जाई. पाच-सहा पूर्वजांची नावेही त्यांनी घेतली. मोझांबिकहून गोव्यात गुलाम आणले जात, हे इतिहासालाही ठाऊक आहे. पोर्तुगालने तो व्यापार १८३६ मध्ये कायद्याने बंद केला. आफ्रिकेतील मूळ भाषा रानात लोपली आणि उरली ती कोकणी. जेथे दास्य भोगले, त्या भूमीच्याच भाषेने दास्याची कथा जपली!

आम्ही मात्र एक ओळही टिपली नाही. "ही ऐकीव गोष्ट झाली, आजी. कागद असेल तर आणा."

दारातून वळून त्या म्हणाल्या, "वकीलसायबा, कागद तांचेकडेन आशिल्लो. आमचेकडेन तोंड आशिल्लें."

२०२० मध्ये संसदेने बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींनाही अनुसूचित जमातींत घेतले. नातू पुन्हा आला. आता हल्याळच्या घराशी नाते दाखवायचे होते, आणि आजी तर आदल्या पावसाळ्यात निवर्तल्या होत्या. आम्ही १८७२ चा पुराव्याचा कायदा उघडला. मृत व्यक्तीने वाद उद्भवण्यापूर्वी नात्यागोत्याविषयी केलेले कथन ग्राह्य धरावे, असे बत्तिसावे कलम सांगत होते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. हे कलम आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. आजींचे बोलणे कायद्याला चालले असते. ते चालले नाही आम्हाला.

नातवाचे काम चुलत्यांकडील वडीलधाऱ्यांच्या शपथपत्रांवर निभावले. पण आजींनी घेतलेल्या नावांपैकी एकही आम्हांस आठवेना. नातवाला विचारले, तेव्हा त्याने तीन सांगितली. ती आम्ही लिहून ठेवली आहेत.