औंदा नवीन काय?

गुढीपाडवा जवळ आला की पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावात राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीपुढे तमाशाच्या एका फडाचा फलक असतो. त्यावर फडमालकाचं नाव ठळक, खाली सोंगाड्याचं, नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायांची, आणि मग यंदाच्या वगांची. आत चार खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलावर सगळ्यांत मोलाची वस्तू, म्हणजे तारखांची वही. जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर खेड, शिरूर, पारनेर, संगमनेरकडच्या गावांचेही यात्रा कमिटीवाले इथे येतात. ग्रामदैवताच्या यात्रेची तिथी ठरलेली, ती कुणासाठी हलत नाही. त्या रात्री कोणता फड मोकळा आहे, सुपारी कितीची, इसार किती, यावर तासन्‌तास घासाघीस चालते. पण पैशाचं बोलणं निघायच्या आधी कमिटीतला एखादा जुना माणूस मॅनेजरला हमखास विचारतो, "औंदा नवीन काय?"

या प्रश्नात तमाशाच्या रसिकाचं सगळं मन आलं. त्याला नावाजलेला फड हवा असतो, ओळखीचा आवाज हवा असतो, आणि तरीही गेल्या साली पाहिलं ते पुन्हा नको असतं.

त्याला कारण आहे. शहरातल्या नाटकाला रोज नवा प्रेक्षक मिळतो, म्हणून तेच नाटक हजार प्रयोग चालतं. फडाचं तसं नाही. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतो आणि चैत्र-वैशाखात यात्रांच्या गर्दीत सापडतो. सकाळी पालखी, दुपारी घाटात बैलगाडे, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा खेळ, असा या भागातल्या यात्रेचा शिरस्ता. आज मंचरच्या बाजूला, उद्या ओतूरच्या, परवा आणखी कुठे. एका गावचा पाहुणा दुसऱ्या गावच्या यात्रेलाही असतो. एका आठवड्यात तोच वग तिसऱ्यांदा पाहायची पाळी आली तर तो गप्प बसत नाही. सोंगाड्याने विनोद पुरा करायच्या आतच मागून कुणीतरी त्याचं उत्तर ओरडून देतो. अशा प्रेक्षकासमोर वर्षानुवर्षं टिकायचं तर माणसाला बदलत राहावंच लागतं.

तमाशाची बांधणीही त्याला सोयीची. गण आणि गौळण यांची चौकट ठरलेली, पण बतावणी सुरू झाली की चौकट सैल होते. सरदार एक बोलतो, सोंगाड्या भलतंच समजतो, आणि त्या भलत्यात गावचा सरपंच येतो, बाजारातला टोमॅटोचा भाव येतो, यात्रेला आलेले पाहुणेही येतात. वगाचं कथानक पक्कं असलं तरी संवाद बऱ्याचदा उभ्या उभ्या रचले जातात. पुढची फिरकी कशी येईल हे समोरच्या नटालाही ठाऊक नसतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने आधी तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटी घालून ती उठवली. तेव्हा लिहिलेल्या संहितेचा आग्रह आला. कागद मंजूर होऊ लागले, पण बोर्डावर, म्हणजे मंचावर, उभं राहिल्यावर सुचणारं वाक्य कुठल्या कागदात धरणार?

या रिवाजात वाढलेलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा, पंढरपुरातला, म्हणून नाव विठा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने गाजलेला. जातीचं नाव फलकावरून कधी पुसलं गेलं नाही. ज्या गावांत त्या जातीच्या माणसाला वेशीबाहेर राहावं लागे, त्याच गावांच्या यात्रांत हे नाव वाचून गाड्या भरभरून लोक येत. विठाबाईंनी ते नाव शेवटपर्यंत मिरवलं.

त्यांच्या कारकिर्दीचा आलेख काढायला बसलं तर सरळ रेघ सापडत नाही. बालपणीच त्या बोर्डावर आल्या. गौळणीत, लावणीत त्यांनी नाव कमावलं, पण नाचणारी बाई एवढ्यावर त्यांना कुणी थांबवू शकलं नाही. गळा असा की बैठकीची लावणी सावकाश खुलवावी आणि लगेच ढोलकीच्या तोडीस तोड उभी लावणी फेकावी. ‘मुंबईची केळेवाली’ या वगाने त्यांना घरोघर पोचवलं. पौराणिक-ऐतिहासिक पोशाखात रुळलेला प्रेक्षक त्यात रस्त्यावर केळी विकणाऱ्या बाईकडे पाहू लागला. जुन्नर-आंबेगावच्या घराघरातला एक तरी माणूस पोटासाठी मुंबईत गेलेला होता, त्यामुळे ती केळेवाली त्याला परकी वाटली नाही. चीनच्या युद्धाच्या काळात हाच फड जवानांसमोर कला सादर करायला गेला. १९५७ साली आणि पुढे १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा गौरव झाला. या दोन सालांमध्ये ३३ वर्षं आहेत. एवढ्या काळात मराठी सिनेमा तमाशापटांच्या लाटेवर स्वार झाला आणि त्या लाटेवरून उतरलाही. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे मुक्काम ठोकला, १९७२ मध्ये ‘पिंजरा’ आला. पडद्यावरच्या लावण्या ऐकून आलेला प्रेक्षक फडात त्यांचीच फर्माईश करू लागला. विठाबाईंनी त्या फर्माइशीकडे पाठ फिरवली नाही, आणि आपल्या बापजाद्यांची लावणीही सोडली नाही.

म्हणूनच जुन्या रसिकांत वाद होतात. एक म्हणतो, खरी विठा गौळणीतली. दुसऱ्याच्या मते वगात ती रडवायला लागली की भले भले पुरुष उपरण्याने डोळे पुसत, तीच खरी. तिसऱ्याला फक्त तिचा आवाज आठवतो. कुणी नुसती तिची एन्ट्री सांगतो : ढोलकी थांबते, बाई पाठमोरी उभी राहते, मान तेवढी वळवते, आणि पाच हजारांची गर्दी उठून फेटे उडवते. प्रत्येकाची विठाबाई वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. हा वाद मिटत नाही, कारण तिच्यात हे सगळं होतं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच वाद कोर्टात गेला होता. नील यंग हा कॅनडात जन्मलेला रॉक गायक. गिटार आणि हार्मोनिकावरच्या त्याच्या गाण्यांनी लाखो चाहते जमवलेले. १९८२ साली त्याने संगणकी आवाजातला अल्बम काढला आणि पुढच्या वर्षी १९५० च्या दशकातल्या धर्तीच्या नाचगाण्यांचा. १९८३ मध्ये त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने त्याच्यावर दावा ठोकला. तक्रार अशी, की हा नील यंगसारखं गात नाही! पुढे कंपनीने दावा मागे घेतला. त्याचे चाहते आजही ही गोष्ट अभिमानाने सांगतात, कारण पुढचा अल्बम कसा असेल हे ठाऊक नसणं हेच त्यांच्या भक्तीचं कारण झालं आहे.

पण त्याच्या चाहत्याजवळ निदान सगळे अल्बम आहेत. आज न आवडलेलं गाणं तो दहा वर्षांनी पुन्हा लावू शकतो. अमुक वर्षीच्या चैत्रात अमुक गावच्या माळावर विठाबाईंनी रंगवलेली बतावणी पहाटे संपली, तिथेच संपली. ती ज्यांनी पाहिली त्यांच्याच डोक्यात उरली. तमाशाच्या रसिकाला त्यामुळे भांडारीही व्हावं लागतं. कोणत्या साली कोणता वग, कोणता सोंगाड्या कोणत्या फडातून कोणत्या फडात गेला, ढोलकीवर कोण होतं, हे त्याला तोंडपाठ असतं. शाळेत फारसं न गेलेली माणसं हा हिशेब अचूक सांगतात.

आणि तरीही विठाबाईंचं नाव निघालं की सगळ्यांत आधी एकच गोष्ट सांगितली जाते. दिवस भरले होते, खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. विठाबाई कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली, लुगडं आवळलं आणि पुन्हा बोर्डावर आल्या. कळल्यावर लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला, असंही सांगणारे सांगतात. या गोष्टीने अंगावर काटा येतो, यायलाच हवा. पण ती नुसती धैर्याची कथा म्हणून सांगताना एक प्रश्न गाळला जातो : नवव्या महिन्यात त्या बाईला बोर्डावर उभं का राहावं लागलं? सुपारी घेतलेली होती. फडात साठ-सत्तर माणसं जेवणारी होती. नाव विठाबाईचं होतं, आणि विठाबाई नसेल तर गाव पैसे देणार नव्हतं. ज्या प्रेमाने लोक गाड्या जुंपून येत, त्याच प्रेमाने तिला रजा नाकारली होती.

शिवाय या एका गोष्टीखाली पन्नास वर्षांचं काम दबून जातं. गळा, अभिनय, फड चालवण्याची हुशारी, बदलत्या चवीचा अंदाज, यांतलं काहीच त्यात येत नाही. योगीराज बागूल यांनी विठाबाईंच्या आयुष्यावर अख्खं पुस्तक लिहिलं ते बरं झालं. त्यात ती एक रात्र इतर असंख्य रात्रींच्या शेजारी येऊन बसते.

असं वळणावळणाचं आयुष्य एकट्या विठाबाईंचं नाही. जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर घ्या. जन्म गुजरातेत, दगडाच्या खाणीवर राबणाऱ्या घरात. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नायिका झाल्या. १९६४ साली पती खेडकर गेले आणि लेकरं पदरात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची वेळ आली. त्यांनी स्वतःचा फड उभा केला आणि बोर्डावर छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. लावणीवर शिट्ट्या मारणारा प्रेक्षक त्याच बाईच्या महाराजांपुढे अदबीने बसे. मुलगा रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून मोठा झाला आणि मायलेकरांची नावं एकाच फलकावर आली. आंबेगाव तालुक्याने अवसरीचे वसंत अवसरीकर दिले. शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईहून बशीर मोमीन फडांना वग आणि लावण्या पुरवत राहिले. फडाला दर साली नवं काही आणायचं असेल तर लिहिणारा हात लागतोच, आणि तो हात फलकावर क्वचितच दिसतो. कांताबाई, अवसरीकर आणि मोमीन या तिघांनाही राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २००६ पासून दिल्या जाणाऱ्या त्या पुरस्काराला नाव विठाबाई नारायणगावकरांचं आहे.

स्वतः विठाबाईंची अखेरची वर्षं मात्र ओढगस्तीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, आणि दवाखान्याचं बिल भागवायला लोकांना वर्गणी काढावी लागली. पदकं होती, नाव होतं, पण म्हातारपणी हातात येईल अशी कसलीच मिळकत नव्हती. रेकॉर्डवर गाणाऱ्याला रेकॉर्ड विकल्याचे पैसे येत राहतात. फडात गाणाऱ्या बाईने गाणं थांबवलं की त्या दिवसापासून येणं बंद. पुन्हा दर हंगामाला कलावंतांची उचल द्यायची, ट्रक घ्यायचे, पडदे-पोशाख नवे करायचे, तेही सावकाराकडून काढून. पाऊस पडला, यात्रा बुडाली, तर कर्ज तेवढं उरतं. १९६५ ला गाजलेला फड १९९५ लाही उभा ठेवायचा म्हणजे काय असतं, हे फडमालकालाच ठाऊक. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. ज्या आठवड्यांत वर्षाची कमाई व्हायची ते आठवडे गेले, आणि पुढचा हंगामही हाती लागला नाही.

त्यातूनही फड पुन्हा बाहेर पडले. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे आणि नातू नितीनकुमार यांनी तीच परंपरा पुढे चालवली. आजच्या फडात ढोलकीबरोबर कीबोर्ड असतो, हलत्या दिव्यांचा झगमगाट असतो, चालू सिनेमाची गाणी असतात. जुने रसिक यावर नाकं मुरडतात. पण विठाबाईंनीही आपल्या काळात सिनेमाची चाल बोर्डावर आणलीच होती, आणि तेव्हाचे जुनेही नाकं मुरडत होतेच. बदल झाला म्हणून रागवावं असं त्यात काही नाही. काळजी आहे ती वेगळी. गाण्यांचा वेळ वाढत चालला आहे आणि बतावणी-वगाचा कमी होतो आहे. ज्या भागात काय घडेल याचा नेम नसायचा, तोच भाग आटतो आहे. कमिटीतली तरुण पोरं राहुटीत विचारतात, "गाणी कोणती? मुली किती?" त्यांचंही चुकत नाही. वग रंगतो म्हणजे काय हे त्यांनी पाहिलेलंच नाही.

ते दाखवायला अजून थोडी माणसं आहेत. भाऊ-बापूंच्या फडाच्या आठवणी वडिलांकडून ऐकलेले, विठाबाईंना डोळ्यांनी पाहिलेले, सत्तरी-ऐंशीतले रसिक जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत आहेत. काही निवृत्त सोंगाडे, ढोलकीवाले, सुरत्ये आहेत. येत्या चैत्रात राहुट्या लागतील तेव्हा नारायणगावात, मंचरात, घोडेगावात कुणीतरी, कॉलेजने म्हणा, वाचनालयाने म्हणा, मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलतं करावं. ‘केळेवाली’त कोणता प्रसंग कितव्या साली बदलला, सरदाराला सोंगाड्याने काय उत्तर दिलं, पहाटे भैरवीला विठाबाई काय गायच्या, हे विचारावं. आणि त्या बोलण्याचं साल, गाव, सांगणाऱ्याचा फड, सगळं नीट लिहून ठेवावं.